एका रोपाची बदली

'लावणी' या शब्दाने आजवर माझी बरीच बेअब्रू केली आहे. मी मूळचा चिपळूणकडचा. जुलै उजाडला की गावाहून काकांचा फोन येतो, "काय रे, यंदा लावणीला येतोस ना?" आणि मी बँकेच्या काउंटरवरून, सगळ्या रांगेदेखत, मोठ्या आवाजात सांगतो, "रजा मिळाली तर लावणीला येणारच!" त्यानंतर रांगेतली माणसं माझ्याकडे ज्या नजरेने बघतात, ती नजर आमच्या हिने पाहिलेली नाही म्हणून बरं. चाळिशी उलटलेला, जाड चष्म्याचा, बी. कॉम. झालेला गृहस्थ आणि ही आवड! एका साहेबांनी तर माझ्या रजेच्या अर्जावर 'कारण : लावणी' असं वाचून पेन खाली ठेवलं आणि हळूच विचारलं, "कुठल्या थिएटरला?"

आमच्या कोकणातली लावणी भाताची. राब भाजायचा, त्यात भात पेरायचं, वीस-पंचवीस दिवसांत तरवा वर आला की उपटून पेंढ्या बांधायच्या आणि गुडघाभर चिखलात वाकून, दोन-तीन काड्यांची एकेक चूड रोवत, मागे मागे सरकायचं. (मागे सरकत सरकत केलेलं काम आमच्या बँकेतही पुष्कळ असतं, पण त्यातून पुढे काही उगवत नाही.) लावलेलं रोप आठ दिवस पिवळं पडतं, मान टाकतं आणि मग एके दिवशी सकाळी बघावं तर हिरवंगार होऊन उभं! "बाबा रे, नवी जागा मानवली का?" असं त्याला कुणी विचारत नाही. वर पाऊस, खाली पाणी, मध्ये ते. बँकांचं बदलीचं धोरण ज्याने कुणी आखलं, तो लहानपणी कोकणात भातलावणीला गेलेला असणार.

त्याच धोरणानुसार एका तरव्यातून उपटून मला सिल्लोडला रोवण्यात आलं.

छत्रपती संभाजीनगरहून अजिंठ्याच्या रस्त्याला लागलं की साधारण पासष्ट किलोमीटरवर सिल्लोड. बदलीची बातमी कळताच सगळे नातेवाईक म्हणाले, "वा! म्हणजे अजिंठा अगदी हाताशी!" १८१९ साली जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी वाघाच्या शिकारीला आला आणि त्याला ती लेणी दिसली. त्याच्यानंतर ती पाहायला जे लोक आले, त्यांतले निम्मे आमच्याकडे मुक्कामाला उतरले असावेत, असा माझा अंदाज आहे. त्यांना कोण सांगणार की अजिंठा गाव सिल्लोड तालुक्यात असलं तरी लेणी सोयगाव तालुक्यात मोडतात? लेणी सोमवारी बंद असतात, एवढीच माहिती मला उपयोगी पडली. पाहुणे रविवारी रात्री आले तर ती मी त्यांना मंगळवारी सकाळी सांगतो, असा हिचा आरोप आहे. तो खोटा आहे.

सिल्लोडचं खरं लेणं म्हणजे मिरची. हिरवी, तेजतर्रार, पोत्यापोत्यांनी बाहेरगावी जाणारी मिरची. मला नवल वाटलं ते तिच्या लागवडीच्या वेळेचं. मे महिना. रस्त्यावरचं डांबर मऊ झालेलं, बँकेत टेबलावरच्या काचेला हात लावला की पापड आठवतात आणि अशा वेळी इथली माणसं वीतभर उंचीचं, बोटाने चिरडेल असं कोवळं रोप उचलतात आणि सरळ उघड्या रानात लावतात! कोकणी माणसाला हे पाहून पहिल्यांदा घाम फुटतो. आधीच फुटलेला असतो, त्यात भर पडते.

या बाबतीत माझे गुरू म्हणजे अण्णा. शिवन्याच्या बाजूला त्यांची थोडी जमीन आणि शेडनेटमधली छोटीशी रोपवाटिका. पीककर्जाच्या नूतनीकरणाला ते आले की सातबारा आणि आठ-अ माझ्यापुढे ठेवतात आणि कर्जाचं सोडून रोपांचं बोलतात. "रोपं कशी आहेत?" हा प्रश्न मी त्यांना "घरचे कसे आहेत?" याच्या आधी विचारतो आणि त्यात त्यांना काही वावगं वाटत नाही.

एका रविवारी ते मला त्यांच्या शेडनेटमध्ये घेऊन गेले. आत हिरवट उजेड. एकेका ट्रेमध्ये ९८ खळगे, प्रत्येक खळग्यात नारळाच्या काथ्याचा भुसा, म्हणजे कोकोपीट, आणि त्यात एकेक रोप. कोकणात आम्ही नारळाची सोडणं चुलीत घालतो आणि हे लोक त्याच्यात मिरची वाढवतात! त्यांच्या वडलांच्या काळी गादीवाफे असत. तीन मीटर लांब, एक मीटर रुंद, वीतभर उंच. त्यांतली रोपं उपटताना निम्म्या मुळ्या मातीतच राहायच्या. ट्रेमधलं रोप मुळ्यांच्या पुडक्यासकट अलगद निघतं. पस्तीस-चाळीस दिवसांत ते लावायला तयार. त्याहून जास्त दिवस ठेवलं तर मुळ्या खळग्यातल्या खळग्यात गोल गोल फिरत राहतात आणि मग पुढे मोकळं रान मिळालं तरी त्यांना सरळ जाता येत नाही. हे ऐकताना मला आमच्या शाखेतल्या एकाच टेबलावर वर्षानुवर्षं बसलेल्या काही सहकाऱ्यांची फार आठवण झाली. मी काही बोललो नाही.

शेडनेटच्या एका कोपऱ्यातली जाळी मात्र अण्णांनी गुंडाळून वर बांधली होती. खालच्या ट्रेंवर लख्ख ऊन पडलं होतं आणि पानं जराशी मलूल दिसत होती.

"अण्णा, याला पाणी द्यायचं राहिलं वाटतं," मी म्हणालो.

"ऱ्हायलं नाही साहेब, तोडलं," अण्णा म्हणाले. "आठ दिवसांनी रानात जायचंय त्याला. आता सकाळचं दोन घंटे ऊन, मग चार, मग दिवसभर. पाणी रोज थोडं थोडं कमी. सावलीतलं रोप लई देखणं दिसतं बघा, पण त्याच्या अंगात नुसतं पाणी असतं. तसंच नेऊन लावलं तं दुपारीच मान टाकतं. जरा तहान लागू द्यायची. मग पान जाड होतं, खोड टणक होतं."

याला म्हणतात रोपं कणखर करणं. शास्त्रही अण्णांच्याच बाजूचं आहे. पाणी कमी झालं आणि ऊन-वारा लागला की रोप उंच व्हायचं थांबतं, पानावरचा मेणासारखा थर जाड होतो, पाणी उडून जाणं कमी होतं आणि वाढीत खर्च होणारं अन्न अंगात साठतं. आम्हा कॉमर्सवाल्यांच्या भाषेत, चालू खर्चाला कात्री लावून राखीव निधी वाढवतात. फक्त ही कात्री बेताने चालवावी लागते. तहान द्यायची, पण सुकवायचं नाही. फार दिवस ताणलं तर रोप खुरटतं आणि पुढे कितीही लाड केले तरी वर येत नाही. आणि ज्या दिवशी लावायचं, त्या दिवशी मात्र पोटभर पाणी पाजूनच ट्रेमधून काढायचं. अगदी सासरी पाठवल्यासारखं.

"यात अवघड काय असतं, सांगू का?" अण्णा म्हणाले. "पाणी देणं सोपं हाये. हातात झारी असून न देणं, ते अवघड. आमची म्हातारी रात्री उठून चोरून पाणी घालायची. मी झारीला कुलूप लावलं शेवटी."

याच सुमारास, म्हणजे एप्रिलच्या अखेरीस, आमच्या शाखेत एका रोपाची बदली होऊन आली.

रोप केरळातलं होतं. त्रिशूरचं. वय चोवीस, हुद्दा प्रोबेशनरी ऑफिसर, दोन वर्षांची उमेदवारी, अंगावर कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट. हुद्द्याने माझा साहेब, वयाने माझ्या धाकट्या भाच्याएवढा, त्यामुळे मी त्याला "सर" म्हणायचो आणि तो मला "सर" म्हणायचा. दाराशी एकमेकांना "आधी तुम्ही, आधी तुम्ही" करण्यात आमची पाच-पाच मिनिटं जायची. शिपायांनी त्याचं नाव 'छोटे साहेब' ठेवलं आणि तेच चाललं. मल्याळम आणि इंग्रजी उत्तम. हिंदी मात्र सरकारी फॉर्मवर असते तशी. मराठी शून्य.

वरून हुकूम आला होता, पीककर्जाचं काउंटर यांच्याकडे द्या. एप्रिल-मे! रांग दाराबाहेर लिंबाच्या झाडापर्यंत. शेडनेटमधून काढून थेट भर दुपारी रानात. पहिल्या दिवशी एका आजींनी त्याला फेरफार, वारसनोंद आणि थोरल्या मुलाचं वागणं या तीन विषयांवर पाऊण तास सांगितलं. तो शेवटपर्यंत नम्रपणे मान हलवत होता. आजींना वाटलं, कर्ज मंजूर झालं. मग जो गोंधळ झाला तो सोडवायला सगळी शाखा लागली. चार वाजता छोटे साहेब रेकॉर्ड रूममध्ये सापडले. कपाटाला टेकून, मान टाकून.

त्यानंतर त्यांच्यावर सावली धरायला जो तो धावला. आमच्या शिपायाने त्यांच्या शेजारी खुर्ची टाकली आणि दुभाषा होऊन बसला. त्याने त्यांना पहिलं मराठी वाक्य शिकवलं, "उद्या या." बँकेत काम करायला एवढं मराठी पुरतं, असं त्याचं मत. रोखपालांनी त्यांना कूलरसमोरची स्वतःची जागा दिली. आणि आमच्या हिने डबा सुरू केला. 'पोर केवढ्या लांबून आलंय, त्याची आई काय म्हणत असेल,' या एका वाक्यावर चार पोळ्या, भाजी, आमटी आणि डबाभर भात. भात आमच्या कोकणाकडचा उकडा. केरळातही उकडा तांदूळ खातात हे कळल्यापासून हिच्या अंगात मातृत्वाबरोबर प्रादेशिक अभिमानही संचारला. तो तिला 'चेची' म्हणायचा. म्हणजे मोठी बहीण. हे कळेपर्यंत दोन दिवस ती जरा विचारात होती.

महिना झाला. छोटे साहेब दिसायला टवटवीत झाले. पण शिपाई रजेवर गेला की काउंटर बंद. हिचा उपास असला की ते बिस्किटांवर. संध्याकाळी खोलीवर गेले की आईला दोन तास फोन. एके दिवशी त्यांच्या संगणकावर एक पत्र अर्धवट टाइप केलेलं मला दिसलं. इंग्रजीत होतं, पण राजीनाम्याचं पत्र कुठल्याही भाषेत ओळखू येतं.

मी कुणाला बोललो नाही. बोललो ते अण्णांना, कारण ते बँकेतले नव्हते.

अण्णा त्यांच्या टेबलाकडे बराच वेळ बघत राहिले. शेजारी शिपाई, समोर कूलर, टेबलाखाली आमचा डबा. मग म्हणाले, "साहेब, रोप चांगलं हाये. पन जाळी कधी काढणार?"

आणि जाता जाता छोट्या साहेबांना ते म्हणाले, "सर, रविवारको हमारे खेत पे आव. मिरची लगानेकी हाये."

लेणी त्यांची बघून झाली होती, त्यामुळे ते आले. मीही गेलो. दुपारी चारनंतर लागवड सुरू झाली, कारण नव्या रोपाची पहिली भेट रात्रीशी व्हावी, उन्हाशी नको. ठिबक रात्रभर चालवून बेड ओले केलेले. त्यांवर मल्चिंगचा कागद अंथरलेला, कागदाला ठरावीक अंतरावर भोकं. कडेला मक्याच्या दोन ओळी आधीच उभ्या, पांढरी माशी सरळ आत शिरू नये म्हणून. तिने एकदा बोकड्या आणला, म्हणजे पानं चुरडामुरडा झाली, की उपाय थोडेच उरतात. अण्णांच्या सूनबाईंनी छोट्या साहेबांच्या हातात एक ट्रे दिला आणि दाखवलं. पुडकं फुटू द्यायचं नाही, भोकाच्या मधोमध लावायचं, अंगठ्याने माती दाबायची. खोड कागदाला टेकलं तर दुसऱ्या दिवशी तापलेल्या कागदाने ते करपतं. छोटे साहेब वाकले. बारा रोपांनंतर त्यांनी कंबर धरली. पन्नासनंतर त्यांचा पांढरा शर्ट सिल्लोडचा झाला.

चहाच्या वेळी मी त्यांना आपलं ज्ञान पाजळलं. म्हटलं, मिरची ही इथली नव्हेच. अमेरिकेतली. १४९२ नंतर कोलंबसाच्या मागोमाग युरोपात गेली आणि सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर आपल्या किनाऱ्याला लागली. त्याआधी आमच्या स्वयंपाकात तिखट म्हणजे तुमच्या केरळातली मिरी. नावसुद्धा तिने मिरीचंच घेतलं आणि आता तिच्याशिवाय इथे कुणाचा घास उतरत नाही.

"मग तिला इथे कोणी डबा दिला?" छोट्या साहेबांनी हिंदीत विचारलं. ते गंमत करत होते की खरंच विचारत होते, हे कळायला मार्ग नव्हता, कारण त्यांच्या हिंदीत दोन्हीला एकच चाल आहे.

सोमवारपासून जाळी गुंडाळायला सुरुवात झाली. शिपायाची खुर्ची आधी दोन हात सरकली, मग दाराशी गेली. कूलर रोखपालांनी आपखुशीने परत घेतला. (हा त्याग करायला त्यांना फार समजवावं लागलं नाही.) अवघड गेलं ते आमच्या घरी. मी हिला अण्णांचं शास्त्र समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "रोपाला आई नसते." त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेवटी तडजोड झाली. पहिला आठवडा एक दिवसाआड, दुसरा आठवडा दोन दिवसांआड, मग फक्त शनिवारी. पहिल्या सुट्टीच्या दिवशी दुपारी दीड वाजता हिचा बँकेत फोन. "जेवला का?" मी म्हटलं, "बाहेर गेलाय." अडीचला पुन्हा फोन. तोवर छोटे साहेब समोरच्या खानावळीतून परतले होते. नाक लाल, डोळ्यांत पाणी. बाजरीची भाकरी आणि ठेचा. "उद्या या," ते स्वतःलाच म्हणाले आणि लोटाभर पाणी प्यायले.

दोन वेळा मान पडली. एकदा तर पुरती. जूनमध्ये रांगेतल्या एका गृहस्थाने मराठी येत नाही म्हणून मोठा आवाज चढवला आणि छोटे साहेब उठून आत गेले. आम्ही सगळे आपापल्या टेबलाला खिळून बसलो होतो. शिपाई उठत होता, त्याला रोखपालांनी हाताने खाली बसवलं. माझ्या हातात झारी होती म्हणा ना, आणि ती वाकडी न करणं म्हणजे काय, ते मला त्या सात-आठ मिनिटांत समजलं. मग छोटे साहेब तोंड धुऊन बाहेर आले, खुर्चीवर बसले आणि त्या गृहस्थाला म्हणाले, "भाऊ, आवाज कामून चढवता? सातबारा द्या." ते 'कामून' त्यांनी कुठून उचललं कुणास ठाऊक. अण्णांच्या शेतावरच असावं. तो गृहस्थ हसला आणि सगळी रांग हसली.

अण्णांच्या रानात तोवर आंबवणी-चिंबवणी होऊन गेली होती, म्हणजे लागवडीनंतरची पहिली आणि दुसरी हलकी पाणी. काही रोपं मेली, तिथे राखून ठेवलेली लावून नांगे भरले. त्यासाठी शहाणा शेतकरी थोडी रोपं जास्तच तयार ठेवतो. आमच्या बँकेचा रिकाम्या जागा भरण्याचा वेग पाहता, वरच्या ऑफिसातल्या एखाद्याला अण्णांकडे प्रशिक्षणाला पाठवावं, अशी सूचना मी पेटीत टाकली आहे. जुलैच्या अखेरीस पहिला तोडा झाला. छोट्या साहेबांच्या ओळीतल्या मिरच्या अण्णांनी वेगळ्या पिशवीत आणून दिल्या.

मग आला ओणम. छोट्या साहेबांनी दहा दिवसांची रजा टाकली. जाताना हातात जी बॅग होती, ती दहा दिवसांची नव्हती. ती सगळ्या सामानाची होती, असं शिपायाचं मत पडलं आणि तो सामानातला जाणकार आहे. मनमाडहून मंगला एक्स्प्रेस, माझ्याच कोकणातून पुढे त्रिशूर. त्या राजीनाम्याच्या पत्राचं काय झालं, ते विचारायची माझी छाती नव्हती. हिने आठव्या दिवसापासून कॅलेंडरकडे बघायला सुरुवात केली. नवव्या दिवशी तिने उगीचच उकडा तांदूळ निवडायला घेतला. अकराव्या दिवशी सकाळी काउंटर रिकामं होतं. रांगेतले एक आजोबा म्हणाले, "ते मद्रासी साहेब गेले का हो? आत्ता कुठं बोलायला लागले होते." मी म्हटलं, "मद्रासी नव्हे, केरळी," आणि उगाच फाइल शोधायला लागलो.

गाडी सहा तास लेट होती. दुपारी अडीचला छोटे साहेब थेट बँकेत हजर. बॅग तेवढीच मोठी, पण परतीची. आत निम्म्याला केळ्याचे वेफर्स आणि वरती ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या पाच काड्या. मिरीच्या वेलाची कलमं. आईने चेचीसाठी दिली होती.

संध्याकाळी अण्णांना मुद्दाम बोलावून घेतलं. त्यांनी एक काडी उलटसुलट करून बघितली, पेरावरची बारीक मुळं चाचपली आणि डोकं खाजवलं. "याला आमचं ऊन नाही चालायचं. दमट पाहिजे, सावली पाहिजे, चढायला कायतरी पाहिजे. हे रोप कणखर करायचं नाही, जपायचं." हे ऐकल्यावर हिने माझ्याकडे जे पाहिलं, त्याला मराठीत शब्द नाही.

आता न्हाणीच्या मागे, जिथे दिवसभर ओल असते, त्या कोपऱ्यात जुन्या शेडनेटच्या तुकड्याखाली पाच कुंड्या आहेत. तीन काड्या वाळल्या. दोन तग धरून आहेत, त्यांतल्या एकीला परवा पान फुटलं. छोटे साहेब रोज संध्याकाळी बँकेतून सरळ तिकडे येतात आणि झारीकडे हात नेतात.

"चेची, पाणी?"

"आज नको, ओल आहे," ही झारी उचलून आत नेत म्हणते, "उद्या या."